निकालाच्या टक्क्याआधी पट वाचा

मे महिन्यात दहावीचा निकाल लागतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत शाळांचे टक्के झळकतात. शंभर टक्केवाल्या शाळा वर, पेढे भरवतानाचे फोटो बाजूला. पुणे महापालिकेच्या माध्यमिक शाळांची बातमी मात्र वेगळ्या सुरात असते. अमुक शाळेचा निकाल घसरला, तमुक शाळेनं झेप घेतली, मुख्याध्यापकांकडून खुलासा मागवला. २०२५ मध्ये राज्याचा निकाल ९४.१० टक्के होता. त्याच्याशेजारी महापालिकेच्या एखाद्या छोट्या शाळेचा ७८ टक्के ठेवला की वाचणाऱ्याचं मत तिथेच पक्कं होतं: मास्तर शिकवत नाहीत, पोरं अभ्यास करत नाहीत, आईबापांना पडलेली नाही.

छोट्या शाळेच्या बाबतीत हा टक्का एकट्यानं जवळजवळ काहीच सांगत नाही. परीक्षेला कोण बसलं, कोणाला बसताच आलं नाही आणि बसलेली मुलं त्या वर्गात कुठून, केव्हा आली, हे कळल्याशिवाय तो छापणं हा शाळेवर अन्याय आहे. त्याहून मोठा अन्याय होतो तो मधल्या मध्ये गळून गेलेल्या मुलांवर, कारण ती या टक्क्यात कुठेच दिसत नाहीत. म्हणून महापालिकेनं निकालाबरोबर पटाचा हिशेबही जाहीर करावा, अशी माझी मागणी आहे.

आधी साधं गणित बघू. दहावीच्या वर्गात तेवीस मुलं आहेत. एक मूल नापास झालं की निकाल ४.३५ टक्क्यांनी खाली येतो. चौघं नापास झाली तर ८२.६ टक्के, दोघं झाली तर ९१.३ टक्के. गेल्या वर्षी चौघं आणि यंदा दोघं नापास झाली, तर ‘निकालात जवळपास नऊ टक्क्यांची वाढ’ अशी बातमी होते. प्रत्यक्षात दोन मुलांचा फरक पडलेला असतो. त्यातल्या एकाला कदाचित गेल्या वर्षी पेपरच्या आदल्या दिवशी ताप आला असेल. दोनशे चाळीस मुलं बसवणाऱ्या शाळेत तोच एक नापास अर्ध्या टक्क्याचाही फरक पाडत नाही.

आणखी एक पाऊल पुढे जाऊ. समजा काही शाळांत प्रत्येक मुलाची पास होण्याची शक्यता नव्वद टक्के आहे. शिकवणं सारखं, मुलंही सारखीच. यातल्या पंचवीस मुलांच्या शाळेचा निकाल कुणी काही बरंवाईट न करताही ८४ ते ९६ च्या दरम्यान हेलकावत राहील आणि अधूनमधून त्याच्याही बाहेर जाईल. अशा चौदा छोट्या शाळांमधली साधारण एक शाळा दरवर्षी निव्वळ योगायोगानं शंभर टक्के निकाल लावेल. अडीचशे मुलांच्या शाळेच्या वाट्याला असे योगायोगाचे शंभर टक्के कधीच येणार नाहीत. त्यामुळे यादीच्या अगदी वरच्या टोकाला छोट्या शाळा दिसणं आणि अगदी तळालाही छोट्याच शाळा दिसणं, या दोन्हींत नवल काही नाही. एका वर्षाच्या टक्क्यावरून वरच्यांचा सत्कार आणि खालच्यांना नोटीस, हा प्रकार संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यालाच धरून नाही. छोट्या शाळेचा निकाल बघायचाच असेल तर निदान तीन वर्षांचा एकत्र बघावा.

पण आकड्यांचा हेलकावा हा या विषयातला सोपा भाग. खरा प्रश्न वर्गात बसलेल्या मुलांचा आहे.

पर्वतीच्या बाजूच्या एका वस्तीत मी संध्याकाळी दहावीच्या मुलांना गणित शिकवते. मुलं जवळच्याच महापालिका शाळेतली. बाहेरच्या माणसाला ही सगळी ‘झोपडपट्टीतली मुलं’ वाटतात, एकसारखी. जवळून पाहिलं तर वर्गात तीन-चार वेगवेगळे समाज बसलेले असतात. काहींचे आजी-आजोबा १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून आले. त्यांची ही तिसरी पिढी, अस्सल पुणेरी. आई पोळ्या लाटते किंवा धुणीभांडी करते, वडील रिक्षा चालवतात नाहीतर महापालिकेतच कंत्राटी सफाई कामगार. काहींची घरं कलबुर्गी, यादगीर, नांदेड या भागातून बांधकामावर आलेली, साईट संपली की हलणारी. काही मुलं सोसायट्यांच्या वॉचमनची. पार्किंगच्या कोपऱ्यातल्या खोलीत राहणारी, नेपाळमधली किंवा उत्तर प्रदेशातली. वडारी, कैकाडी किंवा लमाणी बोलणाऱ्या घरांतलीही मुलं आहेत. शाळेच्या नोंदीत मातृभाषेचा रकाना असतो. आई-वडील ऑफिसात मराठीत बोलले, की क्लार्क तिथे ‘मराठी’ लिहून मोकळा होतो. घरात कोणती भाषा बोलतात हे कुणी विचारत नाही.

याचा परिणाम परीक्षेवर कसा होतो, त्याचं एकच उदाहरण देते. वॉचमनची एक मुलगी सहावीत मराठी माध्यमात आली. दोन चलांतली समीकरणं ती माझ्यापेक्षा झटपट सोडवते. एका शाब्दिक उदाहरणात मात्र ती अडून बसली. दोन अंकी संख्येतल्या अंकांची अदलाबदल केली तर येणारी संख्या मूळ संख्येपेक्षा २७ नं मोठी आहे, असं काहीसं ते उदाहरण होतं. पाच मिनिटं ती वहीकडे बघत राहिली. मग हळूच विचारलं, ‘मॅम, अदलाबदल म्हणजे?’ सांगितल्यावर तिनं दोन ओळींत समीकरण मांडलं. बोर्डाच्या पेपरात तिला हे विचारता येणार नाही. तिचे ते मार्क जातील, निकालपत्रकावर ते गणिताचे गेलेले दिसतील आणि शाळेच्या टक्क्यात गणिताच्या शिक्षकाच्या नावावर पडतील.

मुलग्यांचं वेगळंच. लग्नसराई आणि दहावीची पूर्वपरीक्षा एकाच वेळी येतात. पंधरा वर्षांचा मुलगा मंगल कार्यालयात वाढपी म्हणून एका रात्रीत जे मिळवतो, त्यात घरातला गॅस येतो. मार्केट यार्डात पहाटे भाजीच्या गाड्या लागतात, तिथेही हात लागतातच. सकाळी वर्गात तो पेंगतो आणि हजेरीपटावर डिसेंबरपासून ‘गै’ वाढत जातात. राज्याच्या निकालातही मुलींची सरशी असते. २०२५ मध्ये मुली ९६.१४ टक्के पास झाल्या, मुलगे ९२.३१ टक्के. आमच्या वस्तीत या फरकाचं कारण बुद्धीत शोधावं लागत नाही. मुलींनाही घरकाम आहेच, धाकट्या भावंडांचं सगळं आहे. पण मुलाच्या कामाचे रोख पैसे येतात, म्हणून शाळेवरून त्याला आधी ओढलं जातं.

आता या वर्गात मधेच येऊन पडणाऱ्या मुलांकडे बघू. शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के राखीव जागांवर वस्तीतली काही मुलं खासगी इंग्रजी शाळांत जातात. त्यांचं चांगलंच होतं. पण हा हक्क आठवीपर्यंतच आहे. नववीत शाळा पूर्ण फी मागते आणि ती परवडत नाही म्हणून यातली काही मुलं महापालिकेच्या शाळेत परत येतात. आठ वर्षं एका माध्यमात शिकलेलं मूल दहावीच्या तोंडावर दुसऱ्या माध्यमात आणि दुसऱ्या वातावरणात येतं. दुसरी लाट येते अनुदानित आणि नावाजलेल्या शाळांमधून. नववीत कच्च्या मुलाच्या पालकांना बोलावून ‘याला इथे झेपणार नाही, दाखला घेऊन जा’ असं सांगितलं जातं. हे पुण्यात कुणालाही नवीन नाही. तो दाखला घेऊन मूल शेवटी कुठे येतं? जी शाळा नाही म्हणू शकत नाही, तिथे.

म्हणजे एका शाळेच्या शंभर टक्क्यांचं ओझं दुसऱ्या शाळेच्या ७८ टक्क्यांवर पडलेलं असतं. पेढे एकीकडे वाटले जातात आणि नोटीस दुसरीकडे जाते. या व्यवस्थेचा मला मनापासून राग आहे.

महापालिका शाळा यातून सुटलेल्या आहेत असं नाही. टक्क्याचा धाक त्यांनाही असतो आणि धाकापोटी त्याही तेच शिकतात. दहावीला बसवलं तर नापास होईल असं मूल दिसलं की त्याला सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगायचं. सतरा नंबर ही मुळात फार चांगली सोय आहे. शाळा सुटलेल्या मुलांना, लग्नानंतर शिकू पाहणाऱ्या बायकांना खासगीरीत्या परीक्षा देता यावी म्हणून ती आहे. पण खासगी विद्यार्थ्यांचा निकाल शाळेच्या नियमित निकालात धरत नाहीत. त्यामुळे ही सोय गाळणीसारखी वापरली जाते. मूल तेच, वस्ती तीच, पेपर तोच. फक्त ते शाळेच्या हिशेबातून बाहेर जातं. वर्गात बसणं बंद होतं, शिक्षकांचा हात सुटतो आणि बहुतेकदा परीक्षाही राहून जाते.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शाळा सोडण्याचं कारण लिहायचा एक रकाना असतो. वस्तीतल्या मुलांचे दाखले मी पुष्कळ पाहते, कारण पुढच्या फॉर्मांसाठी ती माझ्याकडे येतात. त्या रकान्यात जवळजवळ सगळीकडे एकच मजकूर असतो: ‘पालकांच्या विनंतीवरून’. पुनर्वसनाच्या योजनेत झोपडी पाडली आणि कुटुंब शहराच्या दुसऱ्या टोकाला संक्रमण शिबिरात गेलं, तरी पालकांची विनंती. साईट संपली, पालकांची विनंती. मुलीचं लग्न ठरलं, शाळेनंच दाखला हातात ठेवला, सगळी पालकांचीच विनंती. वर्षानुवर्षं मुलं का गळतात याची खरी नोंद करायची हक्काची जागा आपल्याकडे आहे आणि ती आपण एका छापील वाक्यानं भरून टाकतो.

गळतीचा कडेलोट नेमका आठवीनंतर होतो आणि त्याला कारणही कायद्यातच आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. तो सहा ते चौदा या वयाला शिक्षणाची हमी देतो. केंद्राच्या योजनेतला शालेय पोषण आहार आठवीपर्यंत, समग्र शिक्षा योजनेतली मोफत पाठ्यपुस्तकं आणि गणवेशही आठवीपर्यंत. बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांना धोकादायक कामं वगळून इतर काम करायला मुभा आहे. हे सगळं एकत्र ठेवून बघा. चौदा वर्षं आणि आठवी पूर्ण झाली की मुलाचा शिकण्याचा कायदेशीर हक्क संपतो, दुपारची खिचडी संपते आणि कामाला जाणं कायदेशीर होतं. हे सगळं जवळपास एकाच वेळी. दहावीच्या पेपरला बसायला अजून दोन वर्षं असतात. ती दोन वर्षं मूल शाळेत टिकून राहिलं, तर ते शाळेचं, घराचं आणि मुख्यतः त्या मुलाचं कर्तृत्व आहे. आपल्या निकालाच्या टक्क्यात या टिकून राहण्याला एक गुणही नाही.

‘पण सगळं परिस्थितीवर ढकललं तर शिक्षकांना रान मोकळं मिळेल,’ असा आक्षेप यावर येतो आणि तो खोटा नाही. स्टाफरूममध्ये ‘आमच्याकडे मुलंच अशी येतात’ हे वाक्य मी ऐकलेलं आहे. या वाक्यासारखं घातक दुसरं काही नाही. अमेरिकेत १९६६ मध्ये समाजशास्त्रज्ञ जेम्स कोलमन यांनी काही लाख शाळकरी मुलांचा अभ्यास करून दाखवलं, की यशातला फरक शाळेच्या इमारतीपेक्षा आणि खर्चापेक्षा घरच्या परिस्थितीशी जास्त जोडलेला आहे. त्यातून अनेकांनी सोयीचा अर्थ काढला, की शाळेनं काही फरकच पडत नाही. हा अर्थ चुकीचा आहे. त्याच अभ्यासात हेही होतं, की सोबतची मुलं कोण आहेत याचा परिणाम मोठा होतो आणि चांगल्या शिक्षकाचा उपयोग गरीब, वंचित मुलांना सर्वांत जास्त होतो. घरी शिकवणारं कुणी असेल तर मूल वाईट शिक्षकातूनही निभावतं. घरी कुणीच नसेल तर शिक्षक हाच एक आधार.

म्हणून पटाचा हिशेब मागण्यामागे शाळांना सूट मिळावी हा हेतू नाही. उलट तो हिशेब समोर आला की ‘मुलंच अशी’ म्हणायची सोय उरत नाही. एकाच वस्तीतून मुलं घेणाऱ्या दोन शाळांची तुलना होईल. आठवीच्या शेवटी भागाकार न येणाऱ्या मुलाला एका शाळेनं दहावीत ५२ मार्कांपर्यंत आणलं आणि दुसरीनं त्याला सतरा नंबर दाखवला, हे दिसेल. आज ही दुसरी शाळा यादीत वर असते.

परिस्थितीचा विचार करायचा असतो हे पुणे महापालिकेला मान्य नाही असंही नाही. दहावीनंतरच्या मौलाना अबुल कलाम आझाद अर्थसाहाय्य योजनेत खुल्या गटाला ८० टक्क्यांची अट आहे, तर मागासवर्गीय, रात्रशाळेतल्या आणि महापालिकेच्या शाळेतल्या विद्यार्थ्यांना ७० टक्क्यांची. दिवसभर काम करून रात्रशाळेत मिळवलेले ७० गुण हलके नाहीत, हे तत्त्व त्यात आहे. ते एका मुलाच्या बाबतीत पटतं, तर अशी सगळी मुलं ज्या शाळेत एकत्र बसतात त्या शाळेच्या बाबतीत का पटू नये?

हा वाद या शहरात आजचाही नाही. १८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. रयतेच्या करातून गोळा झालेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, ही त्यातली तक्रार सगळ्यांना माहीत आहे. त्याच निवेदनात त्यांनी निकाल पाहून अनुदान देण्याच्या पद्धतीलाही विरोध केला होता. गरीब, शिक्षणाला पारख्या राहिलेल्या समाजात शिक्षण पसरवायला ही पद्धत निरुपयोगी आहे, अशा समाजात शाळा काढून केवळ निकालाच्या अनुदानावर कुणा शिक्षकाचं पोट भरणार नाही, तिथे सरकारनंच शाळा चालवल्या पाहिजेत आणि मुलांना जास्तीचं उत्तेजन दिलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. पुण्यातल्या मुलींसाठी १८४८ साली भिडे वाड्यात शाळा काढणाऱ्या माणसाला हे पुस्तकातून कळलेलं नव्हतं. पटावर कोण आहे, हे त्यांनी रोज पाहिलेलं होतं.

मग नेमकं काय छापावं? पहिली गोष्ट म्हणजे आठवीच्या पटावरची मुलं. तीन वर्षांपूर्वी आठवीत जितकी होती, त्यांतली किती आज दहावी पास झाली, किती दुसऱ्या शाळेत गेल्याची खात्री आहे, किती सतरा नंबरला गेली आणि किती जणांचा पत्ताच नाही. हा एक आकडा छापला तर नववीत गाळणी लावून शंभर टक्के मिळवण्यातला सगळा अर्थ निघून जाईल. हा नियम महापालिकेच्या शाळांइतकाच अनुदानित आणि खासगी शाळांनाही हवा, नाहीतर ओझं पुन्हा त्याच शाळांवर येईल. दुसरं, दहावीच्या वर्गातली किती मुलं गेल्या दोन वर्षांत नव्यानं आली. तिसरं, नववीच्या सुरुवातीला मूल कुठे होतं आणि दहावीत कुठे पोचलं. यातलं बहुतेक यू-डायस आणि सरल या शाळांच्या सरकारी ऑनलाइन नोंदींत, जनरल रजिस्टरात आजच आहे. विद्यार्थ्याचा क्रमांक शाळा बदलली तरी तोच राहतो, मग मागोवा घेण्यात अडचण कसली?

एक पथ्य पाळलं पाहिजे. तेवीस मुलांच्या वर्गात जातवार, धर्मवार आकडे उघड छापले तर कोणता आकडा कोणत्या मुलाचा हे वस्तीत पाच मिनिटांत कळेल. पारधी घरातली एकच मुलगी वर्गात असेल, तर तिच्या समाजाचा निकाल शून्य किंवा शंभर टक्के छापणं म्हणजे तिचं प्रगतिपुस्तक चौकात लावण्यासारखं आहे. असा तपशील शिक्षण विभागाकडे असावा, मदत कुठे पाठवायची हे ठरवायला वापरावा. सार्वजनिक करायचा तर अनेक शाळांचा मिळून.

आणि हिशेब छापून थांबायचं असेल तर त्याचा उपयोग नाही. शिक्षकांची पदं आज संचमान्यतेत, म्हणजे शाळेच्या मंजूर पदांच्या सरकारी हिशेबात, पटसंख्येवर ठरतात. मुलं गळाली की पट कमी होतो, पट कमी झाला की पद जातं, गणित-विज्ञानाचा शिक्षक अतिरिक्त ठरतो किंवा मानधनावरच्या माणसावर काम भागवलं जातं आणि उरलेली मुलं आणखी मागे पडतात. छोट्या शाळा बंद करून मोठ्यात मिसळण्याची भाषा सरकार अधूनमधून करतं. वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर शाळा नसेल तर नववीतली मुलगी घरी बसते, हे ती भाषा करणाऱ्यांनी लक्षात घ्यावं. शहराच्या हद्दीत २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावं आली. बांधकाम मजुरांची मुलं आता नऱ्हे, मांजरी, सूस, पिसोळी अशा भागांत आहेत. तिथे छोट्या माध्यमिक शाळा वाढवाव्या लागतील, कमी करून चालणार नाही.

ज्या शाळेत नव्यानं आलेल्या, मराठी घरची भाषा नसलेल्या, शिकणाऱ्या पहिल्या पिढीतल्या मुलांचं प्रमाण जास्त, तिथे पट काहीही असला तरी गणित, विज्ञान आणि भाषेचे कायम शिक्षक असलेच पाहिजेत. नववी-दहावीच्या मुलांना दुपारचं जेवण द्यायला महापालिकेला केंद्राची वाट बघायचं कारण नाही. तिच्या माध्यमिक शाळा मोजक्या आहेत आणि आठवीपर्यंतच्या मुलांसाठी खिचडी या शहरात रोज शिजतेच आहे. येत्या अंदाजपत्रकात या दोन वर्गांसाठी तरतूद करावी आणि पुढच्या मे महिन्यात निकालाच्या पत्रकात आठवीच्या पटाचा रकाना जोडावा. दोन्ही निर्णय महापालिकेच्या स्वतःच्या हातात आहेत.